वडिलांच्या कपाटातील कागद

घरातील कर्ता पुरुष गेल्यावर दिवसकार्य आटोपते, आलेगेले आप्त परततात आणि मग कपाट उघडावयाचा दिवस येतो. बँकेला मृत्यूचा दाखला द्यावयाचा असतो, विम्याचे कागद शोधावयाचे असतात. आईच्या अंगी त्राण उरलेले नसते, म्हणून हे काम पुष्कळदा थोरल्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. वय पंधरा-सोळा. अशा वेळी कागदांच्या तळाशी सोनेतारणाची चिठ्ठी किंवा पतसंस्थेची नोटीस निघते. वडिलांवर कर्ज होते आणि घरात त्याचा कोणालाही पत्ता नव्हता.

मोठ्या माणसांना ही गोष्ट पैशाची वाटते. मुलाला बोचते ते निराळेच. ज्यांना आपण पुरते ओळखतो असे वाटत होते, ते रोज आपल्याबरोबर जेवताना मनात एक भार वागवीत होते. आणि आता विचारावे, भांडावे, तर ते समोर नाहीत. दुःखात राग मिसळतो आणि त्या रागाची लाज वाटते. गेल्या दिवाळीत सायकल घेऊन दिली ती ह्याच पैशातून काय? हा प्रश्न तो कोणालाही विचारीत नाही. त्याचे अभ्यासावरून लक्ष उडते, तो चिडचिड करतो, किंवा एकाएकी फार शहाण्यासारखा वागू लागतो. ह्या शहाणपणाचे आपल्याकडे कौतुक होते. मला मात्र त्याचीच अधिक काळजी वाटते. “आता तूच घरचा कर्ता,” असे समाचारास येणारा प्रत्येक जण त्याला ऐकवीत असतो. कागद हाती लागल्यावर ते शब्द तो खरे मानतो आणि शाळा सोडून कामाला लागण्याचा बेत मनातल्या मनात पक्का करतो.

अशा वेळी “तू लहान आहेस, तुला काय करावयाचे?” असे म्हणून त्याच्या हातातील कागद काढून घेऊ नये. आईने किंवा मामा-काकांनी त्याच्याजवळ बसून तो वाचावा आणि कायदा काय आहे ते त्याला सांगावे. मृताचे कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून फेडावयाचे असते. वारसाच्या हाती जेवढी मालमत्ता आली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य होय, एवढ्याच आधारावर मुलाकडून वसुली करण्याची जुन्या हिंदू कायद्यातील वाट २००५ सालच्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरती, बंद झाली आहे. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार तर मुळातच रद्दबातल असतो. तेव्हा दारी आलेल्या कोणीही पुढे केलेल्या कागदावर त्याने सही करू नये. मात्र कर्जाला सहकर्जदार किंवा जामीन म्हणून आईची सही असल्यास तिची जबाबदारी सुटत नाही. दागिने गहाण असतील तर चिठ्ठीवरील मुदत सर्वांआधी पाहावी. ती टळल्यास दागिन्यांचा लिलाव होऊ शकतो.

न सांगितलेले सारेच जाचक असते असेही नाही. पासबुकात मेअखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा हप्ता असण्याचा संभव आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ह्या योजनेत, विमा चालू असल्यास, नामनिर्देशित व्यक्तीस दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी ज्या बँकेतून हप्ता गेला तेथेच अर्ज करावयाचा असतो. बँकेत एकदा सही केली की हप्ता आपोआप जात राहतो आणि घरी सांगावयाचे राहून जाते. कर्ज लपविणाऱ्या वडिलांनी हेही करून ठेवले होते, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचू द्यावे.

त्यांनी कर्ज का लपविले, ह्याचे उत्तर कदाचित मिळणारही नाही. गेलेल्या माणसाविषयी वावगे बोलू नये, ही आपली रीत चांगली खरी, पण तिच्यापायी मुलाचे तोंड बंद होते. “मलाही ठाऊक नव्हते, मलाही राग आला,” एवढे आई त्याच्यापाशी बोलली, तरी त्याचा निम्मा भार उतरतो.

पैशाच्या कागदांऐवजी कोणाची पत्रे सापडली, तर मामला अधिक नाजूक होतो. कारण आईला कळू नये म्हणून मूल ते गुपित एकटेच सांभाळत बसते. ती पत्रे दुःखाच्या भरात जाळू नयेत. आत्या, मामा, एखादे शिक्षक, ज्यांच्या पोटात गोष्ट राहील अशा एका वडील माणसापाशी त्याला बोलता यावे. झोप उडाली, जेवण सुटले, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा सुरू झाली, तर घरच्या समजुतीवर विसंबू नये. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून अहोरात्र चालतो, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. मुलाला संकोच वाटत असेल तर आईने दूरध्वनी लावून त्याच्या हाती द्यावा आणि आपण खोलीबाहेर जाऊन बसावे.