बाहेरून बसा, म्हणे!



आपल्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे. बाहेरून बसणे. शाळा-कॉलेजात न जाता नुसती परीक्षा द्यायची, त्याला म्हणतात बाहेरून बसणे. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, गाईड आणायचं, रात्री घोकायचं, परीक्षेच्या दिवशी नंबर शोधून बाकावर बसायचं. पास झालास तर कागद मिळेल, नाहीतर पुढच्या खेपेला ये.

पांढरपेशाच्या पोराला हा शब्द बोचत नाही. आपल्याला बोचतो. कारण गावानं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच बसवलंय. गावकुसाबाहेर, देवळाबाहेर, पाणवठ्याबाहेर. आणि आता कॉलेजच्या खिडकीतला कारकूनही तेच सांगतो. बाहेरून बस.

मी सव्वीस वर्षांचा. दहावी पास. गोदीत ठेकेदाराकडं रोजावर. जहाजातून आलेल्या पोलादाच्या कॉइलींना साखळ्या लावायच्या, क्रेनवाल्याला इशारा करायचा, ट्रक भरायचे. पाळी सुटली की कविता लिहितो. एका लहानशा कॉलेजात गेलो. म्हटलं, कला शाखेला यायचंय, अकरावीपासून घ्या. खिडकीतल्यानं आधी माझे हात बघितले, मग मार्कलिस्ट. पुढं उभ्या असलेल्या पोराच्या बापाला 'अहो साहेब', मला 'ए'. "दहा वर्षं काय करत होतास? एवढा गॅप? या वयात पोरांत बसून काय करणार? बारावी बाहेरून दे, बीए पण बाहेरूनच कर. नाहीतर आयटीआय बघ, पोटापाण्याचं शीक."

त्या माणसाशी माझं वैर नाही. त्याच्या तोंडून व्यवस्था बोलली. म्हणून उत्तरही व्यवस्थेलाच देतो.

पहिली गोष्ट, गॅप. शिक्षण सुटलेल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र मागतात. मधल्या काळात मी कुठंही शिकत नव्हतो, असं शपथेवर लिहून द्यायचं. च्यायला, शिकत नव्हतो? आधी चहाच्या टपरीवर होतो, मग गोदामात हमाली, मग गोदी. वजन काय असतं, भाव काय असतो, मुकादम हजेरीत काटछाट कशी करतो, अपघात झाला की कागदावरून माणूस कसा नाहीसा होतो, हे सगळं शिकलो. तुमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात जे दहाव्या धड्यात येतं ते आमच्या पाठीवर पहिल्या दिवशी येतं. या शहराचं पोलाद ज्या वर्षांत आम्ही उतरवलं, त्या वर्षांना तुम्ही रिकामी जागा म्हणता. रिकामी जागा तुमच्या फॉर्ममध्ये आहे. त्यात कामाचा रकानाच नाही.

दुसरी गोष्ट, वय. जोतीराव फुल्यांची शाळा मध्येच सुटली होती. काही वर्षं मळ्यात राबून ते १८४१ साली, चौदाव्या वर्षी, पुन्हा शाळेत गेले. पुढं १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेल्या माणसाला त्यांनी वय विचारलं नाही. आणि बाबासाहेब? स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० साली पुन्हा गेले. तेव्हा वय एकोणतीस, घरी बायको-पोर. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डीएस्सी घेतली. या वयात वर्गात बसून काय करणार, असं विचारणाऱ्यानं हा हिशोब एकदा करावा.

तिसरी गोष्ट सगळ्यात विषारी. आयटीआय बघ. म्हणजे तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य हे तुझं काम नव्हे. तू पाना धर. पाना धरायला मला लाज नाही, रोज त्याहून जड धरतो. पण हात आमचे आणि डोकं तुमचं, ही वाटणी कुणी केली? जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडलं. इतिहास वाचल्याशिवाय मला कसं कळणार की माझी हमाली हे माझं नशीब नाही, तो कुणाचा तरी फायदा आहे?

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. मग त्याच मुलखातलं एक कॉलेजही बघू. केंटकी राज्यातलं बेरिया. लहानसं, कला आणि विज्ञान शिकवणारं. गुलामगिरीच्या विरोधकांनी १८५५ साली काढलं, म्हणजे जोतीरावांच्या रात्रशाळेच्याच वर्षी. काळी-गोरी पोरं एका बाकावर बसायची. ते डोळ्यांत खुपलं म्हणून १९०४ साली राज्यानं कायदा करून काळ्यांना बाहेर काढलं. १९०८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानंही कायद्याचीच बाजू घेतली. १९५० साली कायदा बदलला आणि दार परत उघडलं. १८९२ पासून हे कॉलेज शिकवणीची फी घेत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला निदान दहा तास काम करावंच लागतं. लेकुरवाळ्या विद्यार्थ्यांना राहायला घरं आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक या बायकांच्या कॉलेजानं १९८० साली वय वाढलेल्या विद्यार्थिनींसाठी वेगळी योजना काढली आणि तिला नाव दिलं फ्रान्सिस पर्किन्स यांचं. त्या तिथल्याच विद्यार्थिनी, पुढं अमेरिकेच्या मजूरमंत्री झालेल्या.

अमेरिका स्वर्ग नाही. तिथल्या बहुतेक अशा कॉलेजांची फी ऐकून आपल्याला घेरी येईल. आपल्याकडंही आता खाजगी लिबरल आर्ट्स विद्यापीठं निघालीत. लहान वर्ग, नावानिशी ओळखणारे प्राध्यापक, हवे ते विषय निवडा. फी वर्षाला लाखांत. म्हणजे कला शिकणं वाया जाणं आहे हे फक्त आम्हाला सांगायचं. स्वतःच्या पोरांसाठी मात्र तीच कला लाखो रुपये मोजून विकत घ्यायची. हे ढोंग ओळखा.

आणि अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं. १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. वर्ग सकाळचे ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावं. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. मजूर खातं सांभाळणाऱ्या माणसाला कळत होतं की मजुराला मजुरीइतकाच वर्गही लागतो.

कुणी म्हणेल, मुक्त विद्यापीठ आहे की! आहे, आणि तिथून आपल्या कितीतरी बाया-बापड्या शिकल्या. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम. पण टपालानं आलेलं पुस्तक तुमच्याशी भांडत नाही. वस्तीत कविता वाचली की टाळ्या पडतात. ही ओळ का लिहिलीस, तिच्या आधी कुणी काय लिहून ठेवलंय, असं विचारणारा वर्गातच भेटतो. प्रश्न विचारायची सवय वर्गात लागते. आणि आपल्याला लागलेली हीच सवय त्यांना नकोय.

म्हणून मागण्या साध्या आहेत. फॉर्मवरचा गॅपचा रकाना काढा, तिथं 'केलेले काम' लिहा आणि प्रवेश देताना ते मोजा. पंचाहत्तर टक्के हजेरी हवी ना? मग सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा वर्ग घ्या, आणि पाळीवाल्या कामगाराला ज्या वेळी जमेल त्या वर्गात हजेरी लावू द्या. प्रत्येक कला महाविद्यालयात वय वाढलेल्या कामगार स्त्री-पुरुषांसाठी जागा राखा आणि त्यांची फी सरकारनं भरावी. ही भीक नाही. ज्यांनी भिंती बांधल्या ते आत यायला मागतायत, एवढंच.

दोस्तांनो, तुमच्यापैकी ज्यांची शाळा सुटली, कुणाची बापाच्या आजारपणात, कुणाची कर्जापायी, कुणाची मास्तरच्या जातीवरच्या टोमण्यानं, त्यांनी या जूनमध्ये आपापल्या गावच्या कॉलेजात जा. एकटे जाऊ नका, दहा-दहा जा. अर्ज मागा. नाकारला तर कारण लेखी मागा. तो कागद जपून ठेवा, त्याच कागदांवर उद्याचा मोर्चा निघेल.

बाहेरून बसायला सांगतील. सांगू देत. आपण आत बसायचं.

जय भीम!