श्रीखंडाची वाटी आणि कफाचे चूर्ण

‘कफ’ म्हटला की सुशिक्षित मराठी घरात खोकल्याच्या औषधाची बाटली आठवते. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या घरातही चित्र फारसे निराळे नाही; बाटलीच्या जागी चूर्णाची डबी येते, एवढाच फरक. वस्तुतः शास्त्रकारांच्या लेखी कफ म्हणजे छातीत साठणारा चिकटा नव्हे. स्निग्ध, शीत, गुरू, मंद, स्थिर अशा गुणांनी ओळखला जाणारा तो देहाचा एक आधार आहे. सांध्यांतील वंगण श्लेषक कफाचे, जिभेला चव कळते ती बोधक कफामुळे, आमाशयात अन्न भिजवतो तो क्लेदक. अवलंबक आणि तर्पक हे उरलेले दोन. प्रकृतिस्थ कफाला चरकाने बळ म्हटले आहे आणि बिघडलेल्याला मळ. मग बळच ‘समूळ घालवणारे’ चूर्ण मागणाऱ्याला काय म्हणावे?

कफ बिघडतो कसा, हे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’तील ऋतुचर्येत सांगितले आहे. थंडीत साचलेला कफ वसंतातील उन्हाने पातळ होतो, जठराग्नी मंदावतो आणि रोग डोके वर काढतात. म्हणून वसंतात जुने जव व गहू, मध, व्यायाम, कोरड्या चूर्णाचे उद्वर्तन आणि वैद्याच्या देखरेखीखाली वमन. वर्ज्य काय? जड, थंड, आंबट, गोड, स्निग्ध पदार्थ आणि दिवसाची झोप. (दुपारची झोप निरोगी माणसाला केवळ ग्रीष्मात मोकळी आहे. पुणेकरांनी रागावू नये.)

आता गुढीपाडव्याचे ताट पाहावे. वसंताच्या आरंभीच कडुनिंबाचा कडू रस जिभेवर यावा, ही परंपरेची योजना. ती चटणी बोटाच्या टोकावर उरकली जाते आणि वाटी भरते श्रीखंडाची. दही तर वसंतात वर्ज्य सांगितलेले! सणाच्या एका दिवसाला कोणी हरकत घेऊ नये. परंतु वर्षाचे सारे दिवसच सणाचे झाले, त्याचे काय? डिंकाचे लाडू थंडीत होत, कारण तेव्हा अग्नी प्रबळ असतो. आता मिठाईला ऋतू उरलेला नाही. आणि कफ कमी करायचा म्हणून मध घेतला जातो तोही गरम पाण्यात. ग्रंथांनी उष्ण मधाचा स्पष्ट निषेध केला आहे, हे ठाऊक कोणाला?

याची किंमत किरकोळ नाही. सुखासीन बैठक, अतिनिद्रा, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही चरकाने प्रमेहाची कारणे सांगितली आहेत, आणि प्रमेहाच्या 20 प्रकारांपैकी 10 कफज मानले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला. ‘ऋषींनी सारे सांगून ठेवले आहे’ असे व्याख्यानात ऐकून टाळ्या वाजवणारा गृहस्थ घरी परततो तो दोन चौकांसाठी गाडी काढून. ऋषींनी चालायला सांगितले होते, हा भाग तेवढा त्याच्या स्मरणात राहत नाही.

त्याहून घातक प्रकार ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा जाहिरातींचा. त्यांवर विसंबून इन्सुलिन बंद केले, तर पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या बालकाचे प्राण काही दिवसांत धोक्यात येतात. कफाला भाबडी कल्पना ठरवून हिणवणारे तथाकथित विज्ञाननिष्ठ मूळ ग्रंथ उघडत नाहीत, हे खरे. पण औषधाची परीक्षा मागण्याचा त्यांचा आग्रह रास्तच आहे. चरकाने आप्तोपदेशासोबत प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती हीही प्रमाणे मानली. त्यामुळे चूर्ण विकणाऱ्याकडे कोणी परीक्षणाचा कागद मागितला, तर त्याने धर्म बुडाल्याचा कांगावा करण्याऐवजी तो कागद पुढे ठेवावा. नसेल तर निदान डबीवरचा दावा खोडावा.