सहा वर्षांच्या मुलीने वर्षभरात तक्रार करावी म्हणे!

इंग्लंडमध्ये घरात धोका असलेल्या किंवा सांभाळायला कुणी नसलेल्या मुलांची जबाबदारी स्थानिक काउन्सिलवर असते. ढोबळमानाने आपली महापालिका समजा. फरक इतकाच की कोर्टाच्या आदेशाने ती मुलांच्या पालकत्वातही वाटेकरी होते. या पालकाविरुद्ध तक्रार करायची तर २००६ च्या नियमांनुसार मुदत आहे एक वर्ष. हे वर्ष मोजायचे तक्रारीचे कारण घडले तेव्हापासून. मूल सज्ञान झाले तेव्हापासून नव्हे.

समजा, सहा वर्षांच्या मुलीला धाकट्या भावापासून तोडून दुसऱ्या कुटुंबात ठेवले. का, ते तिला कुणी सांगितले नाही. एकोणिसाव्या वर्षी तिने आपली फाइल मागवली, तेव्हा कळले की दोघांना एकत्र ठेवणारे घर मिळत होते, पण कागदच पुढे सरकला नाही. तिची मुदत मात्र ती सात वर्षांची झाली तेव्हाच संपली!

कायद्याला बालपण समजत नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. इंग्लंडच्या १९८० च्या मुदत कायद्यात शारीरिक-मानसिक इजेच्या दाव्याची तीन वर्षे मुलाच्या बाबतीत अठराव्या वाढदिवसापासून मोजतात. आपल्या १९६३ च्या मुदत कायद्याचे सहावे कलमही अज्ञान व्यक्तीला अशीच सवलत देते. म्हणजे भरपाईच्या दाव्यासाठी थांबणारे घड्याळ माफीच्या एका पत्रासाठी थांबत नाही.

यावर उत्तर तयार असते: मुदतीनंतरही तक्रार घेता येते की! येते. वेळेत तक्रार करण्याची अपेक्षा रास्त नव्हती आणि अजूनही नीट, न्याय्य चौकशी शक्य आहे, असे वाटले तर काउन्सिल ती घेऊ 'शकते'. हे ठरवणार कोण? जिच्याविरुद्ध तक्रार आहे तीच काउन्सिल. नकार आला तर लोकपालाकडे जाता येते, पण म्हणजे मूळ तक्रारीआधी आणखी एक तक्रार.

दुसरे उत्तर: मुलाच्या वतीने पालक किंवा सांभाळणारे तक्रार करू शकतात. मुलाला मदतनीस मिळवून देणे काउन्सिलला बंधनकारकही आहे. पण आपल्यावर अन्याय झाला हे आधी माहीत तर हवे. आणि ज्या मुलांच्या बाजूने बोलणारे मोठे माणूस घरात नव्हते, तीच तर काउन्सिलकडे येतात.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो. माणसे नोकरी सोडतात, आठवणी पुसट होतात आणि जुन्या सोशल वर्करलाही न्याय हवाच. पण काउन्सिलच्या ताब्यात वाढलेल्या मुलाची फाइल त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत जपणे तिथल्या नियमांत बंधनकारक आहे. पुरावा पाऊण शतक ठेवायचा आणि त्यावर प्रश्न विचारायला एक वर्ष द्यायचे, हा कुठला न्याय?

मी सॉफ्टवेअर लिहितो. टाइमआउट आम्हीही लावतो, नाहीतर सिस्टम अडून बसेल. पण समोरच्यापर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही आणि तरी 'उत्तर वेळेत आले नाही' म्हणून त्यालाच बाद करणारा कोड कुणी दाखवला, तर आम्ही त्याला बग म्हणतो. इथे त्याला नियम म्हणतात.

दुरुस्ती फार अवघड नाही. काउन्सिलच्या ताब्यातून बाहेर पडलेल्या तरुणांना पंचविसाव्या वर्षापर्यंत सल्लागाराची मदत मागता येते; २०१७ च्या कायद्याने तो हक्क दिला आहे. मग तक्रारीचे दारही निदान तोवर उघडे ठेवा. त्यानंतरची तक्रार नाकारायची असेल, तर चौकशी का शक्य नाही हे काउन्सिलने बाहेरच्या माणसापुढे सिद्ध करावे.

घरातल्या आईबापांना मूल तिसाव्या वर्षीही विचारू शकते, 'तेव्हा असे का वागलात?' त्यांची जागा घेणाऱ्या सरकारला हा प्रश्न वर्षभरानंतर टाळता येत असेल, तर त्याने स्वतःला पालक म्हणवून घेऊ नये.