उजळाईवाडीचा खर्च चैनीचा नव्हे



कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरील खर्चाला ‘शाळांच्या पैशावर मूठभरांची चैन’ म्हणणारे पत्र वाचले. मुळात टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाने बांधले. जिल्हा परिषदेच्या शाळांचा निधी त्यात वळवलेला नाही. ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेचे अनुदानही प्रामुख्याने मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवरच्या आकारणीतून येते, राज्याचा वाटा २० टक्के. भूसंपादनाचा भार राज्यावर पडला, एवढेच मान्य.

धावपट्टी ‘उगाच’ वाढवली, हे तर साफ चूक. आपल्याकडच्या पावसात ओल्या धावपट्टीवर विमान थांबायला जास्त अंतर लागते. जुनी धावपट्टी जेमतेम १,३७० मीटरची होती. पुढे ती १,९३० मीटर झाली. रात्रीच्या उड्डाणांची सोय २०२२ मध्ये झाली. त्याआधी मुंबईहून निघायला उशीर झाला की अंधाराच्या धास्तीने फेरीच रद्द व्हायची आणि प्रवासी बॅगा उचलून रात्रीची एसटी गाठायचे. रस्ता बंद पडला की पर्याय लागतोच; २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता, हेही पत्रलेखक विसरले.

कामातील दिरंगाईचा हिशेब जरूर मागावा. शाळांचा पैसा पळवल्याचा आरोप मात्र त्यांनी मागे घ्यावा.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर