गच्चीवर पत्रे हा इलाज नव्हे

चंद्रपूर-गडचिरोलीतील दुकाने, गोदामे, मंगल कार्यालये यांच्या सपाट स्लॅबवर डांबर आणि टारफेल्टचे थर एकावर एक चढवून केलेले आवरण गळू लागले, की ठरलेली वाक्ये ऐकू येतात. इथल्या उन्हात डांबर टिकतच नाही. तेव्हा दर उन्हाळ्यात आणखी एक थर द्यावा, नाहीतर वरून पत्र्याची शेड ठोकून मोकळे व्हावे.

यातले पहिले विधान अर्धवट आहे. मे २०१९ मध्ये चंद्रपुरात पारा ४८ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत काळी गच्ची ७० अंशांच्या घरात तापते. पण छपरासाठीचे ८५/२५ प्रतीचे डांबर साधारण ८५ अंशांना मऊ होते. रस्त्याचे डांबर ५० च्या आसपासच पाघळते. स्वस्तात काम म्हणून गच्चीवर रस्त्याचे डांबर ओतले, तर दोष उन्हाचा कसा? ऊन खरे नुकसान करते ते उघड्या डांबराला वाळवून, ठिसूळ करून. त्यासाठी वर खडीचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा थर लागतो.

थरावर थर हा तर रोग वाढवणारा उपाय. जुन्या शीटखालची ओल नव्या थराखाली कोंडते, नवतप्यात तिची वाफ होते आणि फुगे येतात. फुगा फुलीच्या आकारात चिरावा, चारही पाकळ्या उलगडून आतली ओल पूर्ण वाळू द्यावी, गरम डांबराने त्या पुन्हा चिकटवाव्यात आणि वर चारी बाजूंनी १५ सेंटीमीटर मोठे ठिगळ लावावे. जुन्यावर नवा कोबा घालणे आणखी वाईट. १० सेंटीमीटर कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते. वापरात असलेल्या गच्चीवरचा चलभार साधारण १५० किलो धरलेला असतो.

पत्र्याने सावली मिळते, हे मान्य. पण शेडच्या खांबांचे बोल्ट आवरणालाच भोके पाडतात, अवकाळीच्या वावटळीत पत्रे उचलले जातात आणि खालची गळती दिसेनाशी होते. सावलीचे बरेचसे काम पांढरा रंग करतो. सिरोंच्यापलीकडच्या तेलंगणाने २०२३ च्या धोरणात व्यापारी इमारतींना थंड छत सक्तीचे केले, ते उगाच नाही.

गळतीचे मूळ बहुतेकदा कडेला असते. तापमान ३० अंशांनी बदलले, की ३० मीटर लांब स्लॅबच्या लांबीत सुमारे १ सेंटीमीटरचा फरक पडतो आणि स्लॅब-कठड्याचा सांधा उकलतो. म्हणून तिथे गोलाई करून शीट १५ सेंटीमीटर वर चढवावी आणि तिची कड भिंतीतल्या खाचेत दाबून बुजवावी. दुसरी जागा पाइपच्या तोंडाची. सागाची पाने, कोळशाची धूळ आणि राख यांचा लगदा तिथे बसतो. मृगाआधी तो काढलाच पाहिजे. पाऊस थांबल्यावर ४८ तासांनीही पाणी साचून राहिले, तर उतार बिघडला असे समजावे. १०० ला १ उतार हवा.

पायाखाली सगळी गच्ची दबत असेल, तर मात्र ठिगळे पुरत नाहीत. थर खरवडून नव्याने सुरुवात करावी लागते. एरवी मालकांनी दर ठरवण्याआधी ठेकेदाराला एवढेच विचारावे, की डांबर कोणत्या प्रतीचे आणि शीट कठड्यावर किती चढणार.