टीम पुण्याची, नाव मालकाचं

आयपीएल २०१६ मध्ये पुण्याच्या टीमचं नाव होतं ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’. पुढच्या वर्षी शेवटचा ‘स’ गळाला, धोनीची कॅप्टन्सी स्टीव्ह स्मिथकडे गेली. टीम फायनलला पोहोचली, मुंबईकडून एका रननं हरली आणि बंदच झाली.

कारण साधं होतं. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित होते. पुण्याची टीम म्हणजे तेवढ्यापुरती भाड्याची खोली. संजीव गोएंकांच्या कंपनीची बोली होती उणे १६ कोटी. म्हणजे मंडळाच्या उत्पन्नातला वाटा घ्यायचा नाही, उलट १६ कोटी आपणच द्यायचे. एवढा तोटा कशासाठी? मला वाटतं, नावासाठी. कारण पुढे ते नाव मालकासोबतच फिरलं. २०२१ मध्ये त्यांनी ७०९० कोटींना लखनौ घेतलं, तेही ‘सुपर जायंट्स’. मग दक्षिण आफ्रिकेत डरबन.

कोलकात्यात तर १८८९ च्या मोहन बागानपुढे ‘एटीके’ लागलं. चाहत्यांनी ‘रिमूव्ह एटीके’ म्हणत रान उठवलं. २०२३ मध्ये एटीके गेलं, पण मागे ‘सुपर जायंट’ चिकटलं! त्याच वर्षी लखनौची टीम ईडन गार्डन्सवर बागानच्या हिरव्या-मरून जर्सीत उतरली. बंगालची मनं जिंकायची होती, दुसरं काय.

पुण्यानं हे आधीही पाहिलंय. सहारानं २०१० मध्ये साधारण १७०० कोटींना ‘पुणे वॉरियर्स’ घेतली. तीन सीझनमध्ये खेळ खल्लास. गहुंजेच्या स्टेडियमला दिलेलं सुब्रत रॉय यांचं नावही थकबाकीच्या वादात उतरलं.

आणि आपलं नागपूर? तेलंगणाच्या आंदोलनामुळे २०१० मध्ये डेक्कन चार्जर्स जामठ्यात खेळायला आली. ती टीमही आज नाही. २०१६ मध्ये पंजाबच्या मॅचेस इथे ठरल्या, पण दुष्काळामुळे हायकोर्टाच्या आदेशानं महाराष्ट्राबाहेर गेल्या. हुडकेश्वरात संध्याकाळी खेळणाऱ्या पोट्ट्यांच्या अंगावर चेन्नई, मुंबई, बंगळुरू सगळं दिसतं, नागपूर सोडून.

गंमत म्हणजे याच जामठ्यात मार्च २०२५ मध्ये विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली. त्या नावाला ना मालक, ना बोली. उद्या कुणी ‘नागपूर अमुकतमुक’ घेऊन आलंच, तर जर्सी विकत घेण्याआधी आपण एवढंच विचारू: करार किती वर्षांचा आहे, आणि टीम गेली तर नाव कोणाकडे राहणार?