आधी कवी, मग खटला

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांचं नाव काढलं, की लोकांना आधी त्यांच्या कविता आठवतात. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. त्यांचं नाव निघालं की आधी आठवतो तो खटला.

सिरस आपल्या विदर्भातले, नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत. उत्तर प्रदेशात, घरच्या भाषेपासून इतक्या दूर! 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. फेब्रुवारी 2010 मध्ये कॅमेरे घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, पुरुषासोबतचे खासगी क्षण टिपले गेले. विद्यापीठाने निलंबित केलं कुणाला, तर सिरसांना. संमतीचे समलैंगिक संबंध कलम 377 खाली गुन्हा नाहीत, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल जेमतेम सात महिन्यांपूर्वीचा. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. निवृत्ती काही महिन्यांवर होती.

पुढे हंसल मेहता यांचा 'अलीगढ' आला, मनोज वाजपेयींनी सिरस साकारले. चित्रपट चांगलाच आहे. पण मराठी कवीची ओळख मराठी वाचकाला हिंदी पडद्यावरून व्हावी, याची थोडी लाज वाटायला हवी. (आम्हीही त्यात आलोच.) कलम 377 बद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तसाच निकाल दिला, पण तो पाहायला सिरस नव्हते.

एप्रिलच्या या अंकात त्यांच्या खटल्यावर नव्हे, कवितेवर लेख आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयात हा संग्रह असेल, तर ग्रंथपालांनी आम्हाला जरूर कळवावं.